शिकायला गेली की फिरायला?

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. दगडी फरशीचा रस्ता, रस्त्याच्या कडेनं वाहणारा हातभर रुंदीचा पाण्याचा पाट, आणि पाटात पाय सोडून बसलेली आमची भाची. डोक्यावर ओढणी, मांडीवर डबा, चेहऱ्यावर हसू. खाली पहिली प्रतिक्रिया एका वडीलधाऱ्या नातेवाइकांची आली, "पढने गई है या घूमने?" त्या वाक्याला चार जणांनी अंगठा दाखवून दुजोरा दिला. त्यातला एक अंगठा माझा होता.

त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

पोरगी आमच्या चारठाण्याची. दहावीपर्यंत उर्दू शाळेत, बारावी परभणीला, मग संभाजीनगरला इंजिनिअरिंग. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपांची मुलगी. वडिलांचं जिंतूरला शिलाईचं दुकान. एका शिष्यवृत्तीवर तिला दहा आठवडे जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या विद्यापीठात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची संधी मिळाली. हाईनरिश हर्ट्झनं विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा दाखवल्या त्या याच गावात, १८८६ ते १८८८ च्या दरम्यान. रेडिओपासून मोबाईलपर्यंत सगळं तिथून निघालं, हे तिनंच मला सांगितलं. जाताना मोहल्ल्यातल्या बायकांनी दुआ दिल्या, दुल्हेभाईंनी सुईदोऱ्याची डबी दिली, आणि मी मामूच्या आणि मास्तरच्या अधिकारानं सल्ला दिला, "वक्त जाया नको करना."

आता हिशेब सांगतो, कारण आक्षेप पैशाचा होता. जर्मनीत महिन्याचं एक तिकीट मिळतं. तेव्हा ते ४९ युरोंना होतं, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आत. त्यावर देशभरातल्या साध्या रेल्वेगाड्या, ट्राम आणि शहरी बस चालतात, जलद गाड्या तेवढ्या नाहीत. खोलीपासून प्रयोगशाळेत जायला तिला पास लागणारच होता, तो तिनं हा घेतला. शनिवार-रविवार त्याच तिकिटावर कुठंही जा, वरचा खर्च शून्य. जेवण खोलीवरून भात-अंडी. प्रयोगशाळा दोन दिवस बंद, रविवारी तर बाजारही बंद. किराण्याचं दुकानसुद्धा उघडत नाही. पहिल्या सोमवारी तिच्या प्राध्यापकांनी विचारलं, सुट्टीत काय पाहिलं? ती म्हणाली, खोलीवर वाचत बसले. तिला वाटलं शाबासकी मिळेल. ते काळजीनं म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

तर तो फोटो फ्रायबुर्गचा होता. त्या गावाच्या जुन्या भागात गल्लीगल्लीतून असे वाहते पाट आहेत. पोरं त्यात कागदाच्या नावा सोडतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलीनं रस्त्यातून फुकट वाहणारं स्वच्छ पाणी पाहिल्यावर पाय सोडून बसू नये तर काय करावं? तिथं अशी समजूत आहे म्हणे की परक्या माणसाचा पाय चुकून त्या पाटात पडला तर त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं. ग्रुपवर हे कुणाला माहीत नव्हतं, तेवढं बरं झालं.

पण त्याच रात्री घोळ झाला. परतताना ती ज्या गाडीत बसली तिचे वाटेत एका स्टेशनावर दोन भाग होतात. पुढचे डबे एकीकडं, मागचे दुसरीकडं. सूचना जर्मनमध्ये झाली, तिला कळली नाही, आणि ती भलत्याच दिशेला गेली. एका छोट्या स्टेशनावर उतरून परत फिरण्यात शेवटची जोडगाडी चुकली. कार्ल्सरूहला पोचली तेव्हा रात्रीचे पावणेदोन. इथं सव्वापाच वाजले होते. आपा फजरची नमाज पढून मुसल्यावरच बसून होत्या, हातात मोबाईल. "पोहोंच गई" एवढे दोन शब्द आल्यावर त्या उठल्या.

सकाळी दुल्हेभाई माझ्याकडं आले. रागावले नव्हते, रात्रभर जागून थकले होते. म्हणाले, "तुम बोलो उसको. तुमारी सुनती." मी फोन केला. मास्तरकीची सगळी भाषा वापरली. दहा आठवड्यांची तर गोष्ट आहे, शिष्यवृत्ती ही अमानत आहे, लोक बोलतात, खोलीवर राहायचं आणि काम करायचं. ती म्हणाली, "जी मामू."

फोटो बंद झाले. आम्हाला वाटलं, पोरगी समजूतदार आहे. पुढं परत आल्यावर तिनं सांगितलं, "मामू, मैं तो हर हफ्ते जाती थी. बस बताना छोड दी." मी तिचं फिरणं थांबवू शकलो नव्हतो, फक्त सांगणं थांबवलं होतं. त्या दिवसांत पुन्हा एखादी गाडी चुकली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

इथं माझीच एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी बीएड केलं ते तेव्हाच्या औरंगाबादला. अब्बा महिन्याला मेसचे पैसे पाठवायचे, ते मोजूनमापून. वर्गातली मुलं एका रविवारी अजिंठ्याला निघाली. शंभरेक किलोमीटर, एसटीनं जाऊन-येऊन एक दिवस. मी गेलो नाही. पैसे अगदीच नव्हते असं नाही, उसने मिळाले असते. पण मनात आलं, अब्बा तिकडं उन्हात उभे आहेत आणि मी लेण्या बघत हिंडतोय, हे शोभतं का? सबंध वर्षातले सगळे रविवार मी खोलीत काढले. नोट्स उतरवल्या, कपडे धुतले, झोपलो. पुढं नोकरी लागल्यावर अजिंठ्याची चित्रं मी मुलांना शिकवली, पुस्तकातल्या काळपट फोटोवरून. प्रत्यक्ष पाहिली तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. अंधाराला डोळे सरावल्यावर भिंतीवर हळूहळू माणसं दिसायला लागतात, हे मी कधी वर्गात सांगितलंच नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. अब्बांना मी नंतर एकदा विचारलं. ते म्हणाले, "जाना था ना रे. मैं कब मना किया?"

खरंच, मना कुणीच केलं नव्हतं. आपल्याकडं शिष्यवृत्तीवर किंवा बापाच्या घामावर शिकणाऱ्या मुलाला न सांगता एक गोष्ट शिकवली जाते, की त्यानं खुश दिसायचं नाही. पैसेवाल्याचा मुलगा पॅरिसहून फोटो टाकतो तेव्हा आपण "माशाअल्लाह" लिहितो. शिंप्याच्या मुलीनं पाटात पाय सोडले की आपण तिच्याकडं हिशेब मागतो. जणू शिष्यवृत्ती ही खैरात आहे आणि खैरात घेणाऱ्यानं मान खाली घालूनच चाललं पाहिजे. मी स्वतः याच शिकवणुकीत वाढलो, आणि फोनवर तीच पुढं ढकलली.

जुलैमध्ये एक दिवस ग्रुपवर नाही, फक्त मला एक व्हिडिओ आला. रुंद नदी, कडेनं झाडं, आणि एका खांबावर रस्त्याच्या नावाची पाटी. मी लॅटिन अक्षरं जुळवत वाचलं. इकबाल-ऊफर. ऊफर म्हणजे किनारा. जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावात नदीकाठच्या रस्त्याला अल्लामा इकबालांचं नाव आहे. १९०७ च्या उन्हाळ्यात ते तिथं जर्मन शिकायला राहिले होते. म्युनिकच्या विद्यापीठात डॉक्टरेट घ्यायची होती, त्यासाठी. एमा वेगेनास्ट नावाच्या बाई त्यांच्या शिक्षिका. ते राहिले त्या घरावर आजही नावाची पाटी आहे. त्याच नदीच्या काठावरच्या एका संध्याकाळीवर इकबालांची छोटीशी कविता आहे. ती मी दरवर्षी मुलांना ऐकवतो आणि दरवर्षी वर्ग हसतो, कारण उर्दूत त्या नदीचं नाव पडतं 'नेकर', आणि आमच्या पोरांना नेकर म्हणजे अर्धी चड्डीच माहीत. मी डोळे वटारतो, "चूप, दरिया का नाम है." कसला दरिया, केवढा, मलाही ठाऊक नव्हतं. आपल्या पूर्णेसारखा असेल म्हणून सांगत होतो. व्हिडिओत भाची म्हणत होती, "मामू, देखो, ये तुमारी नेकर." संध्याकाळचे नऊ वाजले असतील तिकडं, तरी उजेड होता. पाण्याचा आवाज नव्हता. ती कविता सगळी शांततेची आहे. ती शांतता पाहिल्यावर मला ती कविता पहिल्यांदा कळली.

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि मग तिला लिहिलं, "और कहाँ कहाँ गई थी?"

त्याच गावात त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९०७ मध्ये, आणखी एक पाहुणी आली होती. तिची आठवण आपल्या महाराष्ट्रात कमीच निघते. अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातल्या, बहीण नाजली जंजिऱ्याची बेगम, म्हणजे आपल्या मुरूडच्या संस्थानाची. अतिया १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, आणि कशासाठी? शिक्षिका व्हायला. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. आजच्या भाषेत बीएडच म्हणा. तिथून त्या घरी रोजनिशीसारखी पत्रं लिहायच्या आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या साप्ताहिकात छापून यायची. पुढं १९२१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, 'जमाना-ए-तहसील'. म्हणजे शिकण्याचा काळ. मी ते भाचीच्या व्हिडिओनंतर मोबाईलवर शोधून वाचलं. कॉलेजातले तास त्यात आहेत, पण भेटी, बागा, संग्रहालयं, नाटकं, लोकांची घरंसुद्धा तितक्याच आवडीनं लिहिली आहेत. वर्गातला काळ आणि फिरण्याचा काळ असे दोन भाग त्यांनी केले नाहीत. सगळ्याचं नाव एकच, शिकण्याचा काळ.

प्रामाणिकपणानं दोन गोष्टी सांगतो, नाहीतर कुणीतरी मला पकडेलच. एक, जर्मनीच्या प्रवासात अतियांबरोबर त्यांचा भाऊ होता. दोन, त्यांनी तो अभ्यासक्रम पुरा केला नाही, प्रमाणपत्र न घेताच परतल्या. आमचे ग्रुपवाले वडीलधारे म्हणतील, "देखो, यही तो हम बोल रहे थे." म्हणोत. त्या वर्षी लंडनहून प्रमाणपत्र घेऊन परतलेल्यांची नावं आज कुणाला आठवतात? अतियांची ती पत्रं मात्र घरात बसलेल्या शेकडो बायकांनी वाचली. ज्यांना गल्लीच्या टोकापर्यंत जायची मुभा नव्हती त्यांना लंडन दिसलं.

भाचीच्या बाकीच्या रविवारांतले दोनच सांगतो.

बकरी ईद तिकडं आमच्या एक दिवस आधी, १६ जूनला, रविवारी आली. फ्रायबुर्गच्या घोळानंतरचाच तो रविवार. ती मानहाइमला गेली. तिथं तुर्की लोकांनी बांधलेली मोठी मशीद आहे, १९९५ ची. एकाही बाईची भाषा तिला येत नव्हती. नमाजनंतर तिचा हात धरून त्यांनी तिला बसवलं आणि ताट समोर ठेवलं. आपांना हे कळलं तेव्हा त्या रडल्या, आणि मला म्हणाल्या, "तुम उसको बोल रहे थे कमरे में बैठ." ईदच्या दिवशी खोलीत. मी काही बोललो नाही.

दुसरा रविवार स्ट्रासबुर्गचा. यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण दोन भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला तो सोडवत नाही.

जर्मनीचं केल हे सीमेवरचं गाव. मध्ये ऱ्हाईन नदी, पलीकडं फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून दोन्हींमध्ये ट्राम धावते. ती ट्रामनं गेली आणि येताना पायी पुलावरून आली. पुलाच्या मधोमध उभी राहून तिनं फोन केला, "मामू, एक पाँव इस मुल्क में, एक उस में." पासपोर्ट कुणी मागितला नाही. हा भाग, म्हणजे आल्सास, १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा या देशाकडून त्या देशाकडं गेला. प्रत्येक वेळी शाळेची भाषा बदलली, कचेरीची भाषा बदलली. आल्फोन्स दोदेची 'शेवटचा धडा' ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल, एनसीईआरटीच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. १८७१ मध्ये फ्रेंच बंद होऊन जर्मन सुरू होणार, त्या दिवसाचा फ्रेंचचा शेवटचा तास. ही गोष्ट वाचून माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. निजामाच्या राज्यात माझे आजोबा उर्दूत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि हळूहळू त्यांच्या भाषेतली कचेरी संपली. ते संस्थान जाणं चुकीचं होतं असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. पण वयाच्या चाळिशीत माणूस एकाएकी अडाणी होतो म्हणजे काय, ते मी आजोबांकडून ऐकलं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातले कागद वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. लोक माझ्याकडंही जुनी पिवळी पानं घेऊन आले. आजोबा असते तर हसले असते.

तर मी भाचीला ती गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पण मामू, इथं रस्त्यांच्या पाट्यांवर दोन-दोन नावं आहेत. वर फ्रेंच, खाली दुसरंच काहीतरी, जर्मनसारखं पण जर्मन नाही. तिनं एका म्हाताऱ्या बाईंना इंग्रजीत विचारलं होतं. ती आल्साशियन बोली, तिथल्या लोकांच्या घरातली, आजीची भाषा. म्हणजे गोष्टीतलं ते पोरगं ज्या फ्रेंचसाठी रडतं ती त्याच्या शाळेची भाषा असेल, घरी बहुतेक तिसरीच भाषा असणार. मी बीएड झालेला माणूस, इतकी वर्षं ती गोष्ट घेऊन रडतो आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि आमच्या घरात तरी काय आहे? शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि चुलीपाशी जी बोलतो ती दखनी, जिची पाटी कुठंच नाही. माझ्या वर्गात एखादं पोर "मेरेकू होना" म्हणालं की मी लगेच "मुझे चाहिए" असं दुरुस्त करायचो. आता आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकतो.

हे खोलीत बसून कळलं नसतं, तिला आणि मलाही.

सगळं फिरणं असंच असतं असं माझं म्हणणं नाही. दहा रविवारांत बारा शहरं उरकणारे, गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसणारे तिच्याच बरोबरीचे होते, तिनंच सांगितलं. काही जणांचे पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपायचे. दुल्हेभाईंची काळजीही खोटी नव्हती. रात्री पावणेदोनला अनोळखी स्टेशनावर पोरगी एकटी असेल तर बापाला झोप लागणार नाही, लागूही नये. पण त्यावर उपाय शेवटच्या आधीची गाडी पकडणं हा आहे. पुढच्या प्रत्येक प्रवासात तिनं तेच केलं. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. कुरआनातही जमिनीवर हिंडून पाहा, आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, असं पुन्हा पुन्हा आलं आहे. आमच्या जलशांतून इल्मवर तासतासभर तकरीरी होतात, पण हा हिंडण्याचा भाग मी पोरींना उद्देशून सांगितलेला अजून ऐकलेला नाही.

आणि जर्मनी राहू द्या. मी ज्या शाळेत शिकवतो तिथल्या गेल्या सहलीचं सांगतो. दौलताबाद आणि वेरूळ. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, त्यामुळं रक्कम फार नव्हती. नववीचे मुलगे ३१, त्यातले २४ आले. मुली २९, त्यातल्या ७. बाकीच्यांच्या संमतीपत्रावर सही नव्हती. एका पालकांनी सांगितलं, "सर, लडकियों का वहाँ क्या काम?" या प्रश्नात आणि "पढने गई है या घूमने" यात मला आता काही फरक दिसत नाही. तेव्हा मात्र मी मान हलवून पुढं गेलो होतो.

आमचं चारठाणा जुन्या मंदिरांचं गाव. बाहेरचे अभ्यासक कॅमेरे घेऊन येतात, मानस्तंभाचं मोजमाप करतात, गोकुळेश्वराच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून चित्रं काढतात. यंदा एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी नववीच्या वर्गाला त्या बारवेत घेऊन गेलो. चालत, फुकट. सगळ्या मुली आल्या, कारण सही लागत नव्हती. पायऱ्या उतरताना एक मुलगी म्हणाली, "सर, मेरा घर उधरीच है, पर मैं अंदर पहली बार आई." देवळातल्या एका आजोबांनी पोरांना प्यायला पाणी दिलं आणि पाणी कुठपर्यंत चढायचं ती खूण दाखवली. नंतर दोन पालकांनी विचारलं, मंदिरात कशाला नेलं? मी म्हणालो, विहिरीत नेलं होतं, इतिहासाच्या तासाला. एक हसले. दुसरे हसले नाहीत.

भाची आता पुण्यात नोकरी करते. परवा सुट्टीत आली होती तेव्हा नववीच्या वर्गात तासभर बोलली. हर्ट्झबद्दल थोडं, गाडीचे दोन भाग होतात त्याबद्दल बरंच. मुलींनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "बाजी, डर नहीं लगा?" ती म्हणाली, लागला, मग वेळापत्रक वाचायला शिकले.

यंदाच्या सहलीची संमतीपत्रं सोमवारी वाटली. या वेळी अजिंठा आहे. मुलींच्या घरी मी स्वतः जातो आहे, मगरिबनंतर, रोज तीन-चार घरं. दुल्हेभाई दुकान बंद करून माझ्याबरोबर येतात. बोलतात कमी, पण त्यांना बघून लोक बसायला सांगतात. काल रात्रीपर्यंत १२ सह्या झाल्या आहेत.